धक्क्याखालचा वास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या मासळी धक्क्याच्या दुरुस्तीचं काम माझ्याकडे होतं. लिलाव शेडचं सांडपाणी धक्क्याखालच्या बंदिस्त काँक्रीट गटारातून समुद्रात जायचं, आणि त्या गटाराच्या छताचे पोपडे सुटत होते. किनाऱ्यावर काँक्रीट सडलं की मिठाच्या नावानं खडे फोडायचे, ही आम्हा इंजिनीयरांची सवय. मीही तेच केलं. सुटलेलं खरवडलं, सळई घासली, साध्या सिमेंटचा गिलावा मारला. दुसरा पावसाळा संपायच्या आत तो खाली आला. मी पुन्हा मारला!

शेवटी एक म्हातारा तांडेल म्हणाला, "साहेब, समुद्राला असा वास नसतो. हे गटाराचं दुखणं." सडक्या अंड्यांचा तो वास मला रोज येत होता.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतं. माशांचं रक्त-आतडी तळाशी साचून प्राणवायू संपला, की काही जिवाणू त्या सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू वर जातो. छताच्या ओलीत दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात. मेलबर्नच्या गटारांत संशोधक पार्कर यांना 1945 मध्ये असेच जिवाणू सापडले होते. ताज्या काँक्रीटचा पीएच 12-13. या जिवाणूंच्या थराखाली तो 1-2पर्यंत उतरतो, सिमेंटचं जिप्सम होतं. पाण्यातला भाग ठणठणीत आणि छत मात्र सडलेलं, हे मला पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं.

मिठानं सळई गंजली तर तपकिरी ओघळ येतात, सळईच्या रेषेत भेगा पडतात, पण मधलं काँक्रीट हातोडीला टणक वाजतं. जिवाणूंनी खाल्लेलं पांढुरकं, ओल्या खडूसारखं, बोटानं निघतं. त्यावर ओला पीएच कागद दाबून बघा. मग फिनॉल्फ्थॅलीन फवारत, शाबूत काँक्रीटचा गुलाबी रंग दिसेपर्यंत खरवडत आत जा. तिथून पुढे कॅल्शियम ॲल्युमिनेट सिमेंटचा मसाला टिकतो, साधा नाही. काँक्रीटचं भारतीय मानक आयएस 456 भरती-ओहोटीच्या पट्ट्यात एम 40 काँक्रीट आणि सळईवर 75 मिमी आवरण मागतं. ते मिठासाठी उत्तम, पण नुसतं सिमेंट वाढवून आम्ल थांबत नाही.

आणखी एक. मी त्या गटारात एकटाच वाकून शिरायचो, हा शुद्ध मूर्खपणा. वायू फार वाढला की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला असं नसतं. आधी हवा खेळू द्या, मीटर लावा, बाहेर माणूस उभा ठेवा.

आम्ही गटाराला उतार दिला, हवेची भोकं पाडली, तोंडाशी घाण अडवणारी जाळी बसवली. ती रोज साफ कोणी करायची, यावरून लिलाव शेडमध्ये अजून भांडण चालू आहे.