अ‍ॅम्प्लिट्यूड की फ्रिक्वेन्सी?

फिजिक्सच्या ओरलला हमखास येणारा प्रश्न : प्रकाशाची ऊर्जा कशावर अवलंबून असते? तरंगांचा धडा म्हणतो, अ‍ॅम्प्लिट्यूडच्या वर्गावर. फोटॉनचा धडा म्हणतो, फ्रिक्वेन्सीवर. पोरं गांगरतात, दोन्ही उत्तरं एका दमात देऊन मोकळी होतात आणि मार्क तिथेच जातात.

खरं तर भांडण नाहीच. पहिला नियम एकूण ऊर्जा किती येते ते सांगतो. दुसरा, ती केवढ्या नाण्यांत येते ते. पूर्वीचा लाल कॉइन बॉक्स आठवा (नसेल पाहिला तर सरांना विचारा). त्याला रुपयाच लागायचा. आठ आण्यांची नाणी मूठभर असली तरी उपयोग शून्य!

सोडियमचंही तसंच. इलेक्ट्रॉन सोडायला तो सुमारे २.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट मागतो. ६५० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनकडे असतात फक्त १.९. एक मिलिवॅटचा लाल लेझर सेकंदाला सुमारे ३३ कोटी गुणिले एक कोटी फोटॉन फेकतो, म्हणजे देवांच्या कोटीपट. तरी इलेक्ट्रॉन हलत नाही. ४०० नॅनोमीटरचा एकेकटा जांभळा फोटॉन मात्र ३.१ घेऊन येतो. आइन्स्टाइनने हे १९०५ मध्ये मांडलं. मिलिकनला ते पटत नव्हतं, पण १९१६ पर्यंत त्याच्याच मोजमापांनी समीकरण बरोबर ठरवलं.

तेव्हा अ‍ॅम्प्लिट्यूड दुप्पट झाला की फोटॉन चौपट येतात, प्रत्येकाची ऊर्जा तेवढीच राहते. पुढचा प्रश्न ठरलेला : इंटेन्सिटी तीच ठेवून फ्रिक्वेन्सी दुप्पट केली तर? फोटॉन निम्मे.