पुढचा भाग कधी?

आपल्या होस्टेलमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' पाहिली नाही असा प्राणी सापडणं कठीण. सिरियल 2019 मध्ये संपली, पण ज्या कादंबऱ्यांवरून ती काढली त्या काही संपल्या नाहीत. जॉर्ज मार्टिन यांचा पाचवा भाग 2011 मध्ये आला आणि हा लेख लिहीपर्यंत जगभरचे वाचक सहाव्याची वाट पाहताहेत. 'म्हातारा आळशी आहे', 'पैसे मिळाले, आता कशाला लिहितो' ही मतं मेसमध्ये इतक्या वेळा ऐकली, की म्हटलं, मित्रांनो, याचा जरा अभ्यासच करू या. (मी कॉन्व्हेंटमधली. माझ्या मराठीकडे संपादकांनी आणि तुम्ही थोडं दुर्लक्ष करावं.)

मार्टिन लेखकांचे दोन प्रकार सांगतात. एक आर्किटेक्ट, दुसरा माळी. आर्किटेक्ट आधी प्लॅन काढतो, मगच पाया खणतो. हॅरी पॉटरच्या लेखिका रोलिंग या जातीच्या. पुस्तकं सात होणार हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. रेघांच्या कागदावर हाताने तक्ता आखून कुठल्या प्रकरणात कुठलं उपकथानक किती सरकणार हे त्या मांडत. आपला बार चार्टच की! 1997 ते 2007, दहा वर्षांत सातही पुस्तकं हजर.

माळी मात्र बी पेरतो आणि काय उगवतं ते बघतो. मार्टिन स्वतःला माळी म्हणवतात. आधी त्यांच्या डोक्यात तीनच पुस्तकं होती. पहिली तीन 1996, 1998 आणि 2000 मध्ये झपाझप आली. चौथ्याला पाच वर्षं लागली, पाचव्याला सहा. माणूस तोच, जुना वर्डस्टार चालवणारा डॉसचा कॉम्प्युटरही तोच. मग स्पीड का घटला?

याचं उत्तर मला फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समध्ये सापडलं. पहिल्या पुस्तकात लेखकाला सगळ्या डिग्रीज ऑफ फ्रीडम असतात. पात्राला कुठेही पाठवा, मारा, जगवा. पण पुस्तक छापून बाहेर पडलं की तो जॉइंट वेल्ड झाला. मेलेला राजा मेला, तो परत उघडता येत नाही. प्रत्येक भागागणिक असे जॉइंट वाढतात आणि हालचालीची जागा कमी होते. तिसऱ्या भागानंतर गोष्ट पाच वर्षं पुढे नेण्याचा मार्टिन यांचा बेत होता. तो जमेना, म्हणून सोडावा लागला. मग चौथं पुस्तक इतकं फुगलं की पात्रांची वाटणी करून त्याची दोन करावी लागली. पुढे मीरीन नावाच्या शहरात कोण कुणाच्या आधी पोचणार, या एका गाठीने त्यांना कितीतरी छळलं. एकाची तारीख हलवली की दुसऱ्या चौघांच्या हलतात. प्रोजेक्टचं शेड्यूल ज्याने बनवलंय त्याला ही वेदना समजेल. म्हणजे पुढचा भाग लिहिणं पहिल्यापेक्षा सोपं नसतं, अवघड होत जातं. आपण वाचक नेमकं उलट धरून बसतो.

माळ्याच्या पद्धतीचं एक उदाहरण आपल्या सेवाग्रामशी जोडलेलं आहे. गांधीजींची आत्मकथा 1925 ते 1929 या काळात 'नवजीवन' साप्ताहिकात प्रकरणाप्रकरणाने आली. ठरीव आराखडा नाही, त्या त्या वेळी जे आतून येईल ते लिहितो, असं त्यांनी त्यातच सांगून टाकलंय. लोक दर आठवड्याला वाट पाहत असणार. पण कथा 1920 च्या नागपूर काँग्रेसपाशी थांबते. यानंतरचं आयुष्य सगळ्या लोकांसमोरच गेलंय, निराळं सांगण्यासारखं फारसं नाही, असं त्यांचं म्हणणं. 1936 मध्ये ते इथे राहायला आले. ज्या बापूकुटीत आपण पाहुण्यांना घेऊन जातो, तिथे त्यांनी ढीगभर पत्रं लिहिली, लेख लिहिले, आत्मकथेचा पुढचा भाग नाही.

मराठीत मात्र वाट पाहायला लावणारा माणूस म्हणजे भालचंद्र नेमाडे. (त्यांना फँटसी लेखक म्हटलं तर मराठीच्या मॅडम मला वर्गाबाहेर काढतील, पण 'हिंदू'ची सुरुवात वाचा. मोहेंजोदडोचं उत्खनन, काळ उलटासुलटा. मी तरी ती फँटसीसारखीच वाचली.) 'कोसला' 1963 ची. पंचविशीतल्या नेमाड्यांनी ती सुमारे पंधरवड्यात लिहून काढली असं सांगतात. सगळ्या डिग्रीज मोकळ्या! मग चांगदेवच्या चार कादंबऱ्या, त्यातली शेवटची 'झूल' 1979 मध्ये. त्यानंतर कविता आल्या, टीका आली, कादंबरी नाही. 'हिंदू' आली थेट 2010 मध्ये. एकतीस वर्षं. तीही चार भागांतली पहिली. 2014 सालचं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, दुसरा भाग अजून यायचाय.

माझे आजोबा त्याची वाट पाहताहेत. वय नेमाड्यांएवढंच, म्हणजे दोघांचा जन्म 1938 चा. दर सुट्टीत पहिला प्रश्न, "आलं का वं त्याचं?" आता डोळ्यांनी वाचवत नाही म्हणून पहिला भाग मी त्यांना पुन्हा वाचून दाखवते. खानदेशी शब्दाला मी अडखळले की त्यांनाच अर्थ सांगावा लागतो. वर त्यांचं म्हणणं असं, की तुमच्या त्या मार्टिनचे वाचक जवान आहेत, त्यांनी कटकट करू नये. माझी वेल्डिंगची थिअरी त्यांनी शांतपणे ऐकली. म्हणाले, "थे सारं बरोबर आहे बेटा, पण मले घाई आहे ना."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखकाला घाई करू नये हे मला पटलंय. आजोबांनी घाई करू नये हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

मागच्या रविवारी त्यांनी माझी रफ वही मागितली. पुढच्या भागात खंडेराव काय काय करेल याचे सात अंदाज मला लिहून घ्यायला लावले आणि खाली थरथरत्या हाताने तारखेसकट सही केली. पुस्तक येईल तेव्हा ताडून बघायचं, ते काम माझं. त्यातला एक अंदाज तर इतका भन्नाट आहे, की इथे छापायला त्यांनी सक्त मनाई केली आहे.