मुलास बालवीर पथकांत घालण्यापूर्वीं

शाळा उघडून थोडे दिवस झाले म्हणजे मुलगा एक कागद घरीं आणितो व ‘यावर सही पाहिजे’ असें म्हणतो. तो कागद स्काऊट पथकाचा असतो. मुलगी असल्यास गाईड पथकाचा. वसई तालुक्यांतील गिरीजसारख्या गांवीं बाप पहांटेच्या गाडीनें मुंबईस गेलेला, आई वाडीच्या कामांत गुंतलेली. तेव्हां सही घाईनें होते, नाहीं तर ‘आम्हांस हीं नसतीं खुळें नकोत’ म्हणून कागद परत जातो. दोन्ही गोष्टी आम्हांस बऱ्या वाटत नाहींत. आपलें मूल कोणाच्या हातीं, कशासाठीं व किती वेळ देत आहों हें समजून मग होय किंवा नाहीं म्हणावें, एवढ्यासाठीं हा पाठ लिहिला आहे.

ह्या चळवळीचा मूळ पुरुष रॉबर्ट बेडन-पॉवेल हा इंग्रज सेनापति. दक्षिण आफ्रिकेंत माफेकिंग गांवास १८९९ सालीं वेढा पडला असतां तेथील लहान मुलगे निरोप पोहोंचविण्याचें काम किती चोख करितात, हें त्याच्या नजरेस आलें. पुढें १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत ब्राऊन्सी नांवाच्या बेटावर सुमारें वीस मुलांची छावणी त्यानें भरविली. त्यांत बड्या घरचे मुलगे होते तसे कामकरी लोकांचेही होते, आणि त्यांचे संघ त्यानें मुद्दाम मिश्र पाडले. १९१० सालीं मुलींची गाईड संस्था निघाली.

हिंदुस्थानांत पहिलें पथक १९०९ सालीं बंगलोरास निघालें. परंतु तें गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांकरितां होतें. देशी मुलांस दार बंद होतें. पुढें मद्रासेस डॉ. ॲनी बेझंट यांनीं, आणि १९१८ सालीं अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनीं देशी मुलांकरितां निराळ्या संस्था काढिल्या, तेव्हां तें दार उघडूं लागलें. ७ नोव्हेंबर १९५० रोजीं निरनिराळ्या संस्था एक होऊन ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ स्थापन झाली, आणि पुढच्या वर्षीं गाईड संस्थाही तींत मिळाली. ज्या घराण्यांस एके काळीं शाळेच्या ओट्याखालीं बसावें लागलें, त्यांनीं हा इतिहास विसरूं नये. बालवीर सर्वांचा मित्र असावा असा ह्या संस्थेचा लेखी नियम आहे. जातीमुळें, भाषेमुळें किंवा गरिबीमुळें एखादा मुलगा पथकांत मागें सारला जात असेल, तर आईबापांनीं तो नियम पुढें करून विचारणा करावी. तो त्यांचा हक्क आहे.

पुष्कळ लोक गणवेश पाहून ही पलटणीची भरती समजतात. तसें नाहीं. १९४८ पासून चाललेली राष्ट्रीय छात्रसेना ही संरक्षण खात्याकडील संस्था असून तींत बंदुकीचें शिक्षण असतें. बालवीराच्या हातीं शस्त्र नसतें. फार तर काठी, दोर व शिट्टी.

मग तेथें शिकवितात काय? सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक, आणि अशा कांहीं संघांचें मिळून पथक. गांठी मारणें, जखम बांधणें, नकाशा वाचणें, चूल मांडून चौघांपुरतें अन्न शिजविणें, तंबू उभारणें, आणि रोज एखादें तरी उपकाराचें काम न सांगतां करणें. आमच्या वाडीकऱ्यांच्या व कोळ्यांच्या घरांतील म्हातारीं माणसें ह्यांतील निम्म्या गांठी डोळे मिटून मारतील. मुलगा त्या शिकण्यासाठीं आजोबांजवळ बसला तर पथकाचा पहिला लाभ घरांतच झाला. पायऱ्या अशा : प्रवेश, मग प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटीं राष्ट्रपति पुरस्कार. ह्यास वर्षांमागून वर्षें लागतात. रेल्वेंत स्काऊट-गाईडांकरितां राखलेल्या कांहीं जागा असतात हें खरें. पण त्या मोजक्या असतात, व नोकरीच्या आशेनेंच मूल पाठविलें तर तें व आपण दोघेही कंटाळाल.

धर्माविषयीं प्रश्न हटकून निघतो. बालवीराच्या वचनांत तीन गोष्टी येतात : देव व देश यांविषयींचें कर्तव्य, इतरांस साह्य, आणि नियमांचें पालन. देव ह्या शब्दाच्या जागीं ‘धर्म’ म्हणण्याचीही मोकळीक आहे. छावणींत सर्वधर्म प्रार्थना होते. आपल्या श्रद्धेविरुद्ध कांहीं करावें लागेल काय, हें आधींच विचारावें. पथकाच्या बैठका रविवारीं सकाळीं ठेवल्या जात असतील तर शिक्षकांस नम्रपणें सांगून वेळ बदलतां येतो कीं काय तें पाहावें. मूल दोहोंकडून ओढलें जाऊं नये.

खर्चाची गोष्ट थोडक्यांत. नोंदणीचें शुल्क फार नसतें. गणवेश, बूट व छावणीचा प्रवास यांचा भार मात्र पडतो. वर्षाचा एकूण अजमास आरंभींच मागून घ्यावा. थोरल्या भावाचा गणवेश धाकट्यास चालतो, ह्यांत कमीपणा मानूं नये.

आतां मुख्य गोष्ट. गिरीजच्या हिरा डोंगरीवर दिवसाउजेडीं जाऊन संध्याकाळीं घरीं येणें निराळें, आणि तुंगारेश्वराच्या रानांत रात्र काढणें निराळें. छावणीच्या सहीपूर्वीं स्थळ कोणतें, रानखात्याची परवानगी आहे काय, बरोबर किती मोठीं माणसें आहेत, जवळचा दवाखाना किती अंतरावर, हें सर्व विचारावें. पाण्याविषयीं तर दहादां विचारावें. आमच्या बाजूस बावखलें आहेत, भुईगांवचा समुद्र आहे, आणि चिंचोटीच्या धबधब्यानें पावसाळ्यांत किती तरुण नेले हें सर्वांस ठाऊक आहे. १९१२ च्या ऑगस्टांत लंडनच्या वॉलवर्थ भागांतील बालवीरांची होडी लेसडाऊनजवळ अकस्मात् आलेल्या वाऱ्यानें उलटली आणि नऊ मुलगे बुडाले. बरोबर मोठीं माणसें होतीं, तरी समुद्रानें ऐकलें नाहीं. पोहतां येतें असें मूल सांगेल त्यावर विसंबूं नये. घरच्यांनीं स्वतः पाहिलें असेल तेंच खरें.

दुसरा धोका पाण्याहून गुप्त आहे, आणि त्याविषयीं लिहितांना संकोच होतो. पण संकोचामुळेंच तो वाढतो. अमेरिकेंतील बालवीर संस्थेनें २०२० सालीं दिवाळें काढिलें. लहानपणीं पथकांतील पुढाऱ्यांकडून आपणांवर लैंगिक अत्याचार झाला, असें सांगणारे ब्याऐंशी हजारांवर दावे तिजवर आले. त्यांतले कित्येक लोक पन्नास-साठ वर्षें गप्प होते. ह्यावरून सर्व पुढारी वाईट असें होत नाहीं. बहुतेक जण आपला वेळ फुकट देऊन मुलांसाठीं राबतात, आणि आम्ही त्यांचे ऋणी आहों. परंतु चांगल्या पुढाऱ्यास प्रश्नांचा राग येत नाहीं. पथकाची नोंदणी व सनद आहे काय? पुढाऱ्यानें संस्थेचें शिक्षण घेतलें आहे काय? एकटें मूल एकट्या मोठ्या माणसाबरोबर राहणार नाहीं, नेहमीं दोन मोठीं माणसें असतील, असा नेम पाळतात काय? मुलींबरोबर स्त्री पुढारी मुक्कामास असते काय? मोठ्यांची निजण्याची जागा मुलांपासून वेगळी आहे काय? छावणीस आईबाप न सांगतां भेटावयास येऊं शकतात काय? शेवटच्या प्रश्नास ‘नाहीं’ असें उत्तर आल्यास आम्ही सही करणार नाहीं.

मुलासही सांगून ठेवावें कीं, कोणींही ‘ही गोष्ट घरीं सांगूं नकोस’ म्हटलें तर तीच गोष्ट घरीं आधीं सांगावयाची. मूल कांहीं सांगूं लागलें तर त्यास रागावूं नये, अब्रूच्या भयानें तें दाबूं नये. २०१२ च्या पॉक्सो कायद्यान्वयें असा गुन्हा समजल्यावर पोलिसांस कळविणें हें प्रत्येकाचें कर्तव्य आहे, गांवच्या पंचांत मिटविणें नव्हे. १०९८ हा मुलांच्या साह्याचा फोन रात्रंदिवस चालतो व त्यास पैसे पडत नाहींत. तो आंकडा मुलाकडून पाठ करून घ्यावा.

हें सर्व विचारून समाधान झालें तर सही करावी, आणि कागदाच्या मागें मुलास कोणतें औषध चालत नाहीं, दम्याचा किंवा फेफऱ्याचा त्रास आहे काय, आणि बाप कामावर असतां कोणास बोलवावें, हेंही स्वच्छ अक्षरांत लिहून द्यावें.