कृष्णधवल छपाईचा कागद: साठा, पारख आणि पर्याय

कृष्णधवल छायाचित्राच्या छपाईसाठी वापरला जाणारा कागद हा केवळ चित्र उतरवून घेण्याचा पृष्ठभाग नसून चित्राच्या घडणीतला बरोबरीचा भागीदार असतो, कारण पांढऱ्याची शुभ्रता, काळ्याची खोली, मधल्या करड्या छटांची चढण आणि एकूण प्रतिमेचा उबदार किंवा थंड रंगभाव या चारही गोष्टी बऱ्याच अंशी कागदच ठरवतो. या कागदावर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा, म्हणजे इमल्शनचा, पातळ लेप असतो. परंपरागत फायबर कागदात लेप आणि कागद यांच्यामध्ये बेरियम सल्फेटचा पांढराशुभ्र थर असतो, त्याला बरायटा म्हणतात. तर 1970 च्या दशकात रुळलेल्या आरसी कागदाला दोन्ही बाजूंनी पॉलिथिनचे अस्तर असते, त्यामुळे तो काही मिनिटांत धुऊन निघतो, मात्र फायबर कागदाचे अंग त्याला येत नाही. एखाद्या कागदावर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला हे सारे गुण हाताला सवयीचे झालेले असतात, आणि म्हणूनच तो कागद बाजारातून गेला की केवळ एक माल जात नाही, तर सवयीने कमावलेला अंदाजही निकामी होतो.

अशी हानी गेल्या वीस-बावीस वर्षांत अनेकदा झाली. 2004 मध्ये इंग्लंडमधील इल्फर्ड कंपनी आर्थिक संकटात सापडली. तिथल्याच व्यवस्थापकांनी पुढाकार घेऊन ती विकत घेतली आणि मूळ संस्थापक आल्फ्रेड हार्मन यांच्या नावाने 2005 पासून हार्मन टेक्नॉलॉजी म्हणून मॉबर्ली येथे काम सुरू ठेवले, म्हणूनच इल्फर्डचा मल्टिग्रेड, म्हणजे फिल्टरच्या रंगाने कॉन्ट्रास्ट बदलणारा, कागद आजही मिळतो. बाकीच्यांना असे तारणारे भेटले नाहीत. 2005 मध्ये जर्मनीतील आग्फाफोटोने दिवाळे जाहीर केले आणि त्याच वर्षी कोडॅकने कृष्णधवल कागदाचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यात एझो हा केवळ निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापण्याच्या पद्धतीसाठी असलेला, सिल्व्हर क्लोराइडचा संथ कागदही गेला. हंगेरीतील व्हात्स येथील फोर्टे कारखाना, जो 1922 मध्ये कोडॅकचाच म्हणून सुरू झाला होता, 2007 मध्ये बंद पडला आणि पॉलिवॉर्मटोन हा अनेकांचा लाडका उबदार कागद संपला. झाग्रेबच्या फोटोकेमिकाने 2012 मध्ये काम आवरले.

ही पडझड केवळ डिजिटल छायाचित्रणाच्या नावावर खपवणे योग्य नाही. इमल्शनचा लेप चढवणारे यंत्र प्रचंड असते, ते एका दमात मैलभर लांबीचे रोल काढण्यासाठी उभारलेले असते, आणि मागणी घटली तरी त्याला थोडाच माल काढण्याइतके लहान करता येत नाही. त्यात बरायटाचा पायाकागद बनवणाऱ्या गिरण्या जगात मोजक्याच राहिल्या असल्याने तिथला एक प्रकार बंद झाला की त्यावर बेतलेले इमल्शन निराधार होते. पूर्वीच्या उबदार कागदांत कॅडमियमचे क्षार वापरले जात. ते विषारी असल्याने पर्यावरणाच्या नियमांमुळे काढावे लागले, आणि नाव तेच राहूनही कागदाचा स्वभाव बदलला. चांदीचे भाव 1980 आणि 2011 मध्ये जसे उसळले तसे उसळले की कागदाची किंमतही चढते. मात्र सर्वांत अवघड भरपाई असते ती इमल्शन शिजवणाऱ्या माणसांच्या जाणकारीची. कृती कागदावर लिहून ठेवता येते, पण तापमान आणि ढवळण्याचा वेग यांतले बारकावे हातांबरोबरच निवृत्त होतात.

प्रस्तुत लेखकाच्या अनुभवात या सगळ्याचा फटका बसला तो एका चित्रमालिकेला. मालिकेचा पूर्वार्ध पूर्व युरोपातल्या एका उबदार फायबर कागदावर छापून झाला होता. तो कागद बंद झाल्यावर उत्तरार्ध दुसऱ्या चांगल्या कागदावर छापला गेला, तेव्हा एकेक चित्र उत्तम दिसत होते, पण भिंतीवर शेजारी लावल्यावर एकाची पांढरी छटा सायीसारखी आणि दुसऱ्याची निळसर दिसू लागली, आणि पाहणाऱ्याचे लक्ष विषयावरून कागदाकडे वळू लागले. यातून निघणारे पहिले मार्गदर्शन असे की, एका मालिकेचा कागद एकदमच घ्यावा, शक्यतो एकाच बॅचचा, आणि चाचणीसाठी लागणाऱ्या कागदासह घ्यावा.

यावरून आयुष्यभराचा साठा करावा, असा निष्कर्ष मात्र काढू नये. इथेच पुष्कळ जण फसतात. कागद जिवंत वस्तूसारखा वठत जातो. उष्णता आणि दमट हवा यांमुळे त्यावर फॉग येतो, म्हणजे प्रकाश न पडताही डेव्हलपरमध्ये करडी छटा उमटते. मुंबई-कोकणाच्या हवेत, कपाटात ठेवलेल्या कागदाला पावसाळे सोसत नाहीत. मल्टिग्रेड कागदात उतारवयात कडक कॉन्ट्रास्ट देणारी ताकद आधी जाते आणि पाच नंबरच्या फिल्टरलाही चित्र मऊच राहते. साठा वर्ष-दोन वर्षांच्या गरजेइतका ठेवावा. जास्त असल्यास मूळ डबा प्लास्टिकमध्ये घट्ट बंद करून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि वापरायच्या आदल्या रात्री बाहेर काढून न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, अन्यथा थंड कागदावर हवेतली वाफ जमून डाग पडतात.

जुना डबा हाती आला तर त्याची परीक्षा अशी करावी. सेफलाइटच्या, म्हणजे कागदाला इजा न करणाऱ्या तांबड्या दिव्याच्या, उजेडात एका कागदाच्या दोन पट्ट्या कापाव्यात. एक सरळ हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या द्रावणात, टाकावी, दुसरी दोन मिनिटे डेव्हलपरमध्ये ठेवून मग हायपोत घालावी, आणि दोन्ही धुऊन, वाळवून उजेडात कडेला कड लावून पाहाव्यात. दुसरी पट्टी स्पष्ट करडी दिसली तर फॉग आहे. सौम्य असल्यास डेव्हलपरमध्ये बेंझोट्रायझोलचे किंवा पोटॅशियम ब्रोमाइडचे थोडे द्रावण घातल्याने तो दबतो, मात्र कागद मंद होतो आणि एक्स्पोझर वाढवावे लागते. फार करडा झालेला कागद चित्रांसाठी गेलाच असे समजावे. तो फोटोग्रामच्या प्रयोगांना द्यावा.

नवीन कागदाकडे वळताना जुन्या कागदाच्या आकड्यांवर विसंबू नये, कारण सेकंद आणि फिल्टरचे नंबर कागदागणिक बदलतात. त्यापेक्षा एक निगेटिव्ह कायमचे मापदंड म्हणून राखून ठेवावे: त्यात गडद सावलीतला तपशील, त्वचेसारखी मध्यम छटा आणि उजळ भाग असा सर्व पल्ला असावा, आणि जुन्या कागदावरचा त्याचा उत्तम प्रिंट वाळलेल्या स्थितीत समोर ठेवावा. नव्या कागदावर आधी एक्स्पोझर उजळ भागाच्या तपशिलावरून ठरवावे आणि नंतर फिल्टर बदलून काळे साधावे. हा क्रम उलटा केला तर दिवस जातो आणि प्रिंट जमत नाही. ओल्या प्रिंटवर निकाल देऊ नये, कारण फायबर कागद वाळताना थोडा काळवंडतो. ॲन्सेल ॲडम्स यांनी 1941 मध्ये टिपलेल्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या चित्राचे प्रिंट जवळजवळ चार दशके काढले, आणि या काळात आकाश हळूहळू गडद होत गेले. वापरातले कागदही बदलत राहिले, तरी चित्र त्यांचेच राहिले. कागद बदलला म्हणजे आपली दृष्टी हरवली, असे मानण्याचे कारण नाही, हे या उदाहरणावरून पटावे.

आवडत्या कागदातला कोणता गुण आपल्याला हवा होता, हे एकदा नीट ओळखले की शोध सोपा होतो. उबदार रंगभाव हवा असेल तर चांदीचे कण जितके बारीक तितका तपकिरी भाव येतो, हे लक्षात घेऊन चेक प्रजासत्ताकातील फोमाचे फोमाटोन किंवा इल्फर्डचे वॉर्मटोन घ्यावे. डेव्हलपर अधिक पातळ ठेवून एक्स्पोझर वाढवल्यास हा भाव आणखी खुलतो. सेलेनियम टोनरमध्ये असा कागद लवकर तांबूस-तपकिरीकडे झुकतो, तर थंड ब्रोमाइड कागदाचा रंग फारसा हलत नाही, फक्त काळे खोल होतात. हे रसायन विषारी असल्याने हातमोजे आणि खेळती हवा आवश्यक. ज्यांना एझोची उणीव भासते, त्यांच्यासाठी सिल्व्हर क्लोराइडचा लुपेक्स हा कागद जर्मनीतील आडॉक्सने बनवला; याच कंपनीने आग्फाच्या मल्टिकॉन्ट्रास्टच्या धर्तीवरचा कागदही पुन्हा आणला. मात्र अशा पुनर्जन्मांचा पुरवठा कायम राहील, असा भरवसा धरू नये.

भारतापुरते पाहिले तर उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सने 1967 मध्ये उत्पादन सुरू केले आणि 'इंदू' छापाचा कागद देशभरातल्या स्टुडिओंना पुरवला. 1990 च्या दशकात तो उद्योग आजारी ठरला आणि पुढे बंद पडला. त्यामुळे आता डार्करूममध्ये काम करणाऱ्याला आयातीवाचून गत्यंतर नाही, आणि भारतात आयातदार मोजके असल्याने एखादा आकार महिनोन्महिने मिळत नाही. जे कागद आज बनत आहेत ते बनत राहावेत असे वाटत असेल, तर जुना माल घासाघीस करून शोधण्यापेक्षा ताज्या मालाची नियमित खरेदी करावी, दोघा-चौघांनी मिळून एकत्र मागणी नोंदवावी, आणि विक्रेत्याला पुढच्या वर्षीची गरज आधीच कळवून ठेवावी.