गिअरबॉक्स उतरवण्याआधी

इंग्लंडात राहायला आल्यावर हौसेनं घेतलेली माझी गाडी म्हणजे 1978 ची एमजीबी. गिअर चारच, पाचव्याचं काम लेकॉकचा ओव्हरड्राइव्ह करतो. मोटरवेवर ताशी 70 मैलांना नुसत्या चौथ्यात इंजिन मिनिटाला 3,900 च्या आसपास फेरे घेतं. ओव्हरड्राइव्ह लागला की काटा 3,200 वर उतरतो आणि शेजारच्याशी बोलता येतं.

हा ओव्हरड्राइव्ह मध्येच सुटायला लागला. थोड्या वेळानं आपोआप लागायचाही. गॅरेजवाल्यानं गाडी न चालवताच निकाल दिला: गिअरबॉक्स उतरवा. एमजीबीत गिअरबॉक्स एकटा निघत नाही, इंजिनासकट बाहेर काढावा लागतो. खर्च ऐकून मी गाडी परत आणली. आतून झिजलेला ओव्हरड्राइव्ह बहुधा रखडत लागतो, घसरतो. खटक्यासरशी सुटत-लागत असेल तर आधी वीज तपासावी. तेलही बघून घ्यावं. गिअरबॉक्सचं आणि ओव्हरड्राइव्हचं तेल एकच असतं.

विजेची वाट छोटी आहे. गिअरच्या मुठीतलं बटण, तिथून गिअरबॉक्सवरचा स्विच, तिथून सोलेनॉइड. माझ्या मॉडेलात तो स्विच फक्त चौथ्या गिअरमध्ये जोडला जातो. इंजिन बंद, इग्निशन चालू, चौथा गिअर, आणि बटण दाबून कान द्यायचा: खालून 'टक्' आलं पाहिजे. इग्निशन फार वेळ चालू ठेवू नका, कॉइल तापते.

माझ्याकडे 'टक्' येत होतं आणि मीटरही बारा व्होल्ट दाखवत होता. इथेच पुष्कळजण फसतात. उभ्या गाडीत सगळं शहाण्यासारखं वागतं. शिवाय तार सोलेनॉइडपासून सोडवून मोजली तर मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाही, त्यामुळे गंजलेला सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. तार जोडलेली ठेवूनच मोजावं, आणि शक्यतो गाडी पळताना.

त्यासाठी मीटरपेक्षा डॅशबोर्डातले दोन छोटे बल्ब बरे. एक बटणाच्या पुढे जोडला, दुसरा गिअरबॉक्सच्या स्विचच्या पुढे, दोघांची दुसरी टोकं बॉडीला अर्थ. लांब तारांनी बल्ब आत आणून बायकोच्या हातात दिले आणि रस्त्याला लागलो. एका खड्ड्यावर काटा उसळला, त्याच क्षणी ती म्हणाली, "अहो, दोन्ही गेले!"

म्हणजे वीज बटणापलीकडे पोचतच नव्हती. पहिला पेटता राहून दुसरा गेला असता तर दोष गिअरबॉक्सच्या स्विचचा. दोन्ही पेटते असताना ओव्हरड्राइव्ह सुटला असता, तर सोलेनॉइड, त्याचा अर्थ किंवा आतलं काम. मग गॅरेजवाला बरोबर ठरला असता. आमच्याकडे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं. गिअरच्या दांड्यातून वर जाणारी तार बाहेरून धडधाकट होती. वाकवली तेव्हा एका जागी मऊ लागली. सोलून पाहिलं तर दांडा हलून हलून तांब्याचे बहुतेक धागे तुटलेले, उरलेले एकमेकांना जेमतेम टेकत होते. नवी तार घातली, थोडी सैल ठेवून.

एक जुगाड मात्र कुणी सुचवला तरी करू नका. गिअरबॉक्सचा स्विच त्रास देतो म्हणून काहीजण त्याला वगळून थेट तार ओढतात. मग रिव्हर्समध्येही ओव्हरड्राइव्ह लागलेला राहू शकतो. त्याचा एकाच दिशेनं फिरणारा क्लच उलटा फिरायला नकार देतो, आणि पार्किंगमधून मागे घेता घेता युनिट फुटतं. तेव्हा गिअरबॉक्स खरोखरच उतरवावा लागतो.