दाबोळी ते मोपा : अंतराचा आणि वेळेचा हिशेब

गोव्यात २०२३ पासून दोन विमानतळांवरून प्रवासी वाहतूक चालते, ही बाब तिकीट काढण्यापूर्वीच ध्यानात घेणे अगत्याचे आहे. जुना विमानतळ मुरगाव तालुक्यात, वास्कोजवळ दाबोळी येथे, नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर आहे. नवा, म्हणजे मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, महाराष्ट्राच्या सीमेलगत पेडणे तालुक्यात असून तेथून ५ जानेवारी २०२३ रोजी विमाने सुटू लागली. तिकिटावर दोहोंपुढे बहुधा ‘गोवा’ असेच छापलेले असते आणि भेद कळतो तो विमानतळाच्या तीन अक्षरी संकेतावरून : दाबोळीचा जीओआय, तर मोपाचा जीओएक्स.

या दोहोंमधील अंतर सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर असले, तरी रस्त्याने ते ६० किलोमीटरच्या आसपास भरते, कारण कुठ्ठाळीला जुवारी, पणजीला मांडवी आणि कोलवाळला शापोरा अशा तीन नद्या ओलांडूनच धारगळमार्गे मोपा गाठावे लागते. रस्ता मोकळा असल्यास दीड तास पुरतो; मात्र पणजी, पर्वरी आणि म्हापसा येथील कोंडी, पावसाळा आणि डिसेंबरमधील पर्यटकांची गर्दी यांमुळे दोन तासांहून अधिक वेळ लागू शकतो.

प्रस्तुत लेखकाच्या एका प्रवासात तिकीट विकणाऱ्या सेवेने दाबोळीला उतरणारे विमान आणि मोपाहून सुटणारे विमान एकापाठोपाठ जोडून दिले होते. पर्वरीच्या रांगेत टॅक्सी इंचाइंचाने सरकत राहिली आणि कोलवाळचा पूल येण्यापूर्वीच चेक-इन बंद होण्याची वेळ टळून गेली. दोन्ही तिकिटांचे पीएनआर, म्हणजे आरक्षणाचे क्रमांक, वेगवेगळे असल्याने पुढील विमान कंपनीच्या दप्तरी तो प्रवासी ‘नो-शो’, म्हणजे वेळेवर न आलेला, ठरला आणि नव्या तिकिटाचा सर्व भार त्याच्यावरच पडला. एकाच पीएनआरवर संपूर्ण प्रवास असता, तर पुढील विमान मिळवून देण्याची जबाबदारी सामान्यतः कंपनीकडे राहिली असती.

म्हणून वेळेचा हिशेब विमान उतरल्यापासून मांडावा. सामान हाती येऊन बाहेर पडण्यास पाऊण तास, रस्त्याला दोन तास आणि पुढील उड्डाणापूर्वी दोन तास धरले, तर पावणेपाच तास होतात. देशांतर्गत उड्डाणाचे चेक-इन काउंटर साधारणतः तासभर आधी बंद होत असल्याने या शेवटच्या दोन तासांत काटकसर करू नये. पाच तासांहून कमी अंतर असलेली जोडणी स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. गोव्यात किंवा लगतच्या भागातच मुक्काम असेल, तर मडगाव, काणकोणकडे जाणाऱ्याने दाबोळी आणि पेडणे, म्हापसा, सावंतवाडी, बांद्याकडे जाणाऱ्याने मोपा निवडावे, हे सोयीचे ठरते.

वृद्ध आईवडील किंवा लहान मुले सोबत असताना हा हिशेब अधिक काटेकोरपणे करावा, आणि पैसे भरण्यापूर्वी आगमन व प्रस्थान यांपुढील तीन अक्षरे प्रत्येक प्रवाशाने स्वतःच्या डोळ्यांनी वाचावीत, एवढीच कळकळीची विनंती आहे.