बहिरी आई आणि तिचा पियानो

टेलिफोन कोणी शोधून काढला, असे विचारले तर पुष्कळ जण नाव सांगतील. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. त्याच्या आईचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तिचे नाव एलायझा. आज आपण तिचीच गोष्ट वाचू.

एलायझाचा जन्म १८०९ साली इंग्लंडात झाला. बाप आरमारात डॉक्टर होता. १८४४ साली तिने मेलव्हिल बेल याच्याशी लग्न केले. नवरा तिच्याहून दहा वर्षांनी लहान! तो स्कॉटलंडचा. लोकांना स्वच्छ, शुद्ध बोलायला शिकवणे हा त्याचा धंदा. एडिंबरो शहरात दोघांनी संसार मांडला. त्यांना तीन मुलगे झाले. ३ मार्च १८४७ ला जन्मला तो मधला. घरात त्याला अलेक म्हणत.

एलायझाच्या हातात कला होती. माणसांची अगदी लहान आकाराची चित्रे ती काढी. पण तिचा जीव खरा रमे तो पियानोत. आणि नवल असे, की ही बाई कानाने अधू होती. तिला फारच थोडे ऐकू येई.

मग ती वाजवी कशी? त्या काळी बहिरी माणसे कानाला एक नळी लावीत. एक टोक कानात, आणि दुसरे रुंद टोक बोलणाऱ्याच्या तोंडापुढे. एलायझा पियानोला बसली, की ते रुंद टोक पियानोच्या लाकडी तक्त्यावर टेकवी. तार वाजली की तक्ता थरथरतो. ती थरथर नळीतून कानापर्यंत पोचे. एवढ्यावर तिचे सूर जमत.

हे खरे वाटत नसेल तर करून पाहा. टिकटिक करणारे घड्याळ लाकडी टेबलावर ठेवा. दुसऱ्या टोकाला जाऊन टेबलाला कान लावा. हवेतून जी टिकटिक नीट ऐकू येत नव्हती, ती लाकडातून स्पष्ट येईल.

मुलांचे पहिले शिक्षण घरीच झाले. ते आईनेच केले. अलेकला पियानोचे पहिले धडेही तिनेच दिले. पोर असे तयार झाले, की आपण मोठेपणी वादकच व्हायचे, असे काही दिवस त्याच्या मनाने घेतले होते.

इतर लोक एलायझाशी बोलायचे ते नळीत तोंड घालून, ओरडून. अलेकने निराळी तऱ्हा काढली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेई आणि हळू, खोल आवाजात बोले. ते तिला कळे. चार माणसे जमली म्हणजे तो तिच्याशेजारी बसे. कोण काय बोलले, ते बोटांच्या खुणांनी एकेक अक्षर करून तिला सांगे. आवाज म्हणजे थरथर, हे इतर पोरे पुस्तकात वाचतात. अलेकला ते आईपाशी बसून कळलं, असं आम्हांला वाटतं.

पुढे या घरावर मोठा घाला पडला. १८६७ साली धाकटा मुलगा क्षयाने गेला. १८७० साली थोरलाही त्याच रोगाने गेला. क्षयावर तेव्हा औषध नव्हते. अलेकचीही प्रकृती ढासळू लागली. उरलेला एक तरी वाचावा, म्हणून आईबापांनी देश सोडायचे ठरवले. त्याच साली जहाजात बसून ते कॅनडात गेले. एलायझा तेव्हा साठीची होती. दोन मुलगे मातीआड करून म्हातारपणी परक्या मुलखात नवी चूल मांडायची, हे काही सोपे नाही. ब्रँटफर्ड गावाजवळ, नदीकाठी, त्यांनी घर घेतले. तिथली मोकळी हवा अलेकला मानवली.

तो बरा झाला. १८७१ साली तो अमेरिकेत बोस्टनला गेला आणि बहिऱ्या मुलांना बोलायला शिकवू लागला. रात्री तो तारायंत्रावर खटपट करी. इथे पियानो कामी आला. सतारीला खाली तरफा असतात, हे तुम्ही पाहिले असेल. वरची तार छेडली, की त्याच सुराची तरफ हात न लावता वाजते. पियानोतही तसेच होते. पायाचा दांडा दाबून आत गायले, तर जुळत्या सुराच्या तारा उत्तर देतात. मग एकाच तारेवरून निरनिराळे सूर विजेने का पाठवता येऊ नयेत? आणि सूर जातात, तर बोलणे का जाऊ नये? १८७४ च्या उन्हाळ्यात अलेक ब्रँटफर्डला आईबापांकडे आला होता. टेलिफोनची कल्पना त्याला तेव्हा सुचली. १० मार्च १८७६ ला बोस्टनमध्ये यंत्र पहिल्यांदा बोलले. त्याच ऑगस्टात ब्रँटफर्डहून पॅरिस नावाच्या गावी तारेवरून आवाज गेला. अंतर सुमारे १३ किलोमीटर. हे पॅरिस कॅनडातलेच बरं का, फ्रान्समधले नव्हे.

१८७७ साली अलेकने लग्न केले. बायको मेबल लहानपणी तापाने बहिरी झालेली.

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. आईशी बोटांनी बोलणारा हाच मुलगा मोठेपणी म्हणू लागला, की बहिऱ्या मुलांना खुणांची भाषा शिकवू नये, तोंडाने बोलायलाच लावावे. १८८० साली इटलीत मिलान येथे शिक्षकांची परिषद भरली. तिनेही तोच ठराव केला. मग कितीतरी शाळांतून खुणांची भाषा हद्दपार झाली. ज्या मुलांना बोलणे जमेना, ती मुकीच राहिली. १३० वर्षांनी, २०१० साली, कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरी तशीच परिषद भरली, तेव्हा त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त झाला. बहिऱ्या माणसांच्या मनातून बेलबद्दलचा राग अजून गेलेला नाही. तो राग आम्हांला समजतो.

एलायझा आणि मेलव्हिल १८८१ साली मुलाजवळ, वॉशिंग्टन शहरी, राहायला गेले. एलायझा तिथेच १८९७ साली वारली. तिचे वय ८७ होते. ब्रँटफर्डचे घर आजही उभे आहे. लोक ते पाहायला जातात.